आजोबांचा बांबू

जयनगरात आमच्या समोर राहणाऱ्या कानडी गृहस्थांचे आजोबा शंभरेक वर्षांपूर्वी बांबूच्या आधाराने उंच उड्या मारायचे. माझे आजोबा कारकून होते. हे दुःख मला दर रविवारी त्यांच्याकडे कॉफीबरोबर मिळतं.

नवा पाहुणा आला की ते म्हणतात, "स्वल्प मागं सरका हं," आणि दिवाणखान्यातच धावतात. आजोबांनी बांबू कसा रोवला, पलीकडे वाळूत कसे पडले, गोरे साहेब कसे उठून उभे राहिले! पुढे आजोबांचा गुडघा गेला, उड्या संपल्या. गृहस्थ स्वतः फक्त टाचा उचलतात, तरी पाहुणे वर बघतात. मी जळतो.

मध्यंतरी त्यांच्या भिंतीवर टांगलेल्या, आजोबांच्या त्या बांबूला वाळवी लागली. मला बरं वाटलं. तर हे आमच्याकडचा, माझ्या आजोबांचं सोवळं वाळत घालायचा जुना बांबू मागून घेऊन गेले. आता हे थाप मारणार आणि मी पकडणार, म्हणून मी टपून बसलो.

पाहुण्यानं विचारलं, "हाच का तो?"

"छे! हा या अण्णांच्या आजोबांचा. त्यांनी मनात आणलं असतं तर तेही उडाले असते. सरी ना, बरोबर ना, अण्णा?"

पाहुण्यानं कौतुकानं वर बघितलं. मीही बघितलं. मला आजोबांचं ओलं धोतरच दिसलं.