अक्का एका दिवसासाठी आल्या होत्या

फोन आला तेव्हा मी पट्टा बदलत होतो. बेंगळुरूच्या ज्या डाळमिलमध्ये मी फिटर आहे, तिथं दुपारच्या आत मशीन चालू करून द्यायचं होतं. फोन लातूरहून होता, शिवराजअण्णांचा, म्हणजे माझ्या जुन्या मालकीणबाई अक्का यांच्या मुलाचा. "माणिक, आई गेली. पहाटं. दुपारी शेतात नेऊ." मी "बरं" म्हणालो. फोन खिशात टाकला, पट्टा चढवला, मशीन चालू करून आवाज ऐकला. आवाज बरोबर होता. बेंगळुरूहून लातूर म्हणजे रात्रभराची गाडी, दुपारपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अक्का आता बसल्या असतील, एवढंच दिवसभर डोक्यात येत राहिलं. रडू आलं नाही. आज काही आठवडे झाले, अजून आलेलं नाही.

माझं शिक्षण पाचवी. तेही पुरतं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आई-बाप खडी फोडायला गेले, त्यांच्यासोबत मी गेलो, आणि शाळा तिथंच सुटली. आमचं गाव देवणीच्या बाजूला, घर वेशीबाहेरच्या वस्तीत. पुढं लातूर जिल्हा झाला त्याच दिवशी मी कामाच्या शोधात लातूरला आलो. बाजारात गुलाल, रोषणाई, जो तो दुसऱ्याला पेढा देत होता. मला अण्णांच्या, म्हणजे अक्कांच्या यजमानांच्या डाळमिलवर काम मिळालं, आणि राहायला मिलला लागून असलेल्या त्यांच्या घराची ओसरी. त्या दिवशी अक्का दारातून अण्णांना म्हणाल्या होत्या, "जिल्हा झाला म्हणं. आता नळाला पानी येईल का, का कलेक्टर बी आडावरूनच भरंल?" अण्णा हसले नाहीत. मी हसलो. अक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "जेवलास का रं?" ही पहिली ओळख.

त्या घरात सोवळं फार, सासूच्या काळापासूनचं. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय अक्कांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे आणि घराबाहेर कुणाच्याच हातचं पाणी त्या घेत नसत. ते माझ्यापुरतं नव्हतं. ब्राह्मणाच्या घरच्या लग्नातसुद्धा त्या आपला फिरकीचा तांब्या सोबत नेत, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा. तरी माझं ताट वेगळं होतं आणि मला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, हेही खरं. त्याचं तेव्हा मला काही वाटत नसे. आता वाटतं का, ते मला सांगता येत नाही.

सांगता येतं ते एवढंच, की अक्का आत तूर निवडत बसायच्या आणि मी ओसरीवर पेपर वाचायचो, मोठ्यानं. त्यांचं माहेर भालकीकडचं, घरात कन्नड, मराठी अक्षर त्यांना जड जायचं. मी अडखळलो की आतून आवाज यायचा, "गिळू नको, पुन्हा वाच." भाव, भाषणं, मयताच्या बातम्या, सगळं वाचून घेतलं त्यांनी माझ्याकडून, वर्षानुवर्षं. त्यामुळं माझी अक्षरं गेली नाहीत. हे लिहितोय ते त्या ओसरीवरच्या वाचनावर. मला टायफॉईड झाला तेव्हा दवाखान्यात डबा रोज आला. माझं लग्न ठरलं तेव्हा कमलला लुगडं अक्कांनी घेतलं. मिल बंद पडायला आली तेव्हा त्यांच्या भाच्यानं बेंगळुरूत मिल टाकली होती, त्याला फिटर पाहिजे होता. मी जायला तयार नव्हतो. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही. अक्का म्हणाल्या, "जा. हितं राहिलास तर ओसरीवरच म्हातारा होशील." मी आलो. इथंच राहिलो.

नांदेडहून बेंगळुरूचं विमान सुरू झालं आणि तिथल्या एका सहलवाल्यानं एका दिवसाची सहल काढली. सकाळी विमानानं जायचं, बसमधून गाइडसोबत शहर बघायचं, संध्याकाळी परत. शिवराजअण्णांना वाटलं, आईला विमानात बसवावं. अक्कांनी मला फोन केला. "माणिका, मी यायले तिकडं. ते बाग-बिग काय असंल ते बघते. पर मला तुझं घर बघायचंय. घरी कुनाला बोललेली न्हाई, तू बी बोलू नको." मी हो म्हणालो, आणि फोन ठेवला तसा विचार सुरू झाला. घरी येतील. मग कमल पाणी पुढं करील. अक्का काय करतील? नाही म्हटलं तर कमलला तोंड कसं दाखवू, आणि हो म्हणायची त्यांच्यावर वेळ आणली तर... त्यांनी एवढ्या वयात आपल्यापायी नेम मोडावा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? कमलला मी सांगितलं, "काही करू नको. पाणीसुद्धा विचारू नको." ती फरशी पुसत होती. म्हणाली, "म्हातारं माणूस विमानानं येतंय आन् पानी विचारू नको?" जरा वेळानं म्हणाली, "मग कशाला यायल्यात?"

लालबागेच्या दारात मी सकाळपासून उभा होतो. बस आली. सगळ्यांच्या डोक्यावर सहलवाल्याची पिवळी टोपी. अक्कांनी ती पदरावरून घातली होती, कपाळाला भस्म, काखेत तांब्या. मी पाया पडलो. "वाळलास रं," म्हणाल्या, जसं काही परवाच भेटलो होतो. गाइड मंजू नावाचा तरुण मुलगा. त्यानं मला बसमध्ये घ्यायला नकार दिला, बाहेरचा माणूस चालत नाही म्हणाला. अक्का त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या, तसा तो हसायलाच लागला. "अज्जी, असली कन्नड माझी पणजी बोलायची," म्हणाला. अक्कांनी विचारलं, "मग पणजीच्या माणसाला उभा ठेवतोस का?" एक सीट रिकामी होती. मला मिळाली.

बसमध्ये नांदेडच्या एक बाई अक्कांच्या शेजारी होत्या, बोलक्या. त्यांनीच सकाळची हकीकत सांगितली. नांदेडच्या विमानतळावर तपासणीत तांब्या अडवला. आतलं दिसत नाही, पाणी ओतून या, म्हणाले. "तर तुमच्या अक्का म्हन्तात कशा, लातूरच्या मान्साला पानी ओत म्हन्तोस? तुला लेकरंबाळं हाईत का न्हाईत?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रांगेतल्या एकेकाला, धर ओंजळ. तहान नसंना का, धर. मी बी पेले, आमचे हे पेले. त्या पोलिसाला म्हनल्या, तू बी घे. त्यानं टोपी काढून घेतलं, खरं सांगते. पार तळ दिसूस्तोर वाटलं आन् मग म्हनल्या, आता बघ आत काय हाय ते."

सगळे हसत होते. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "आन् आता सकाळधरनं बसमधी बाटली देऊन राहिलेत तर ह्या घेईनात," बाई म्हणाल्या. "कामून ते इचारा तुम्हीच." मला विचारायची गरज नव्हती. तांब्या रिकामा होता आणि एप्रिल महिन्याचं ऊन होतं. पुढं नंदीच्या देवळाबाहेर बस थांबली तिथं मी शहाळं घेऊन दिलं, ते त्या प्यायल्या. नारळातलं देवानं भरलंय, ते चालतं, हे मला माहीत होतं. पण माझ्या मनात हिशेब सुरू झाला. संध्याकाळी घरी एक शहाळं आणून ठेवायचं. म्हणजे कमलनं ते पुढं करायचं, अक्कांनी घ्यायचं, कुणालाच नाही म्हणावं लागणार नाही. मी कमलला फोन करून तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली, लांबून म्हणाल्यासारखं.

नंदीच्या देवळात अक्का रमल्या. एवढा थोरला दगडाचा बैल, मंजू त्याची गोष्ट सांगत होता, की शेंगा खाणाऱ्या बैलाचा दगड झाला. अक्कांनी त्याला पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, बाजारात जनावर बघतात तसं. "वशिंड बरं हाय," म्हणाल्या. "पर कान देवणीचा न्हाई. देवणी बैलाचा कान कसा, पानासारखा लोंबतो. हे कुठलं तरी दुसरंच." पुजारी फूल देत होता, ते घेऊन त्यांनी टोपीत खोचलं. विधानसौध बसमधूनच दाखवलं. रेशमाच्या दुकानात सगळ्या बायका गेल्या, अक्का पायरीवर बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "घर कधी?"

माझं घर येलहंक्याला, विमानतळाच्या वाटेवर. मंजू म्हणाला, मध्ये थांबता येणार नाही, विमान चुकलं तर नोकरी जाईल. अक्कांनी त्याच्या हाताला धरलं आणि कन्नडमध्ये सांगितलं, "वाटेत माझ्या मुलाचं घर आहे. न बघता जाऊ का?" मुलाचं, म्हणाल्या. मी मान खाली घातली. मंजू ड्रायव्हरशी काही बोलला. पुलाच्या अलीकडं बस कडेला थांबली. "चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ, अज्जी," तो म्हणाला. मागून एक गुरुजी कुरकुरले, "चहाचा वेळ प्रत्येकाचा येगळा असतो." नांदेडच्या बाईंनी त्यांना गप्प केलं.

दोन मजले चढायचे होते. अक्का भिंतीला धरून चढल्या, मध्ये थांबल्या, पुन्हा चढल्या. कमल दारात उभी होती. तिनं पाया पडून चटईकडं हात केला. अक्का चटईवर बसल्या नाहीत. सरळ आत, स्वयंपाकघरात गेल्या. फळी बघितली, गॅस बघितला, डबे बघितले, नळ फिरवून बघितला. नळ कोरडा. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बोअर आटल्या होत्या, पाळीनं टँकर यायचा. कोपऱ्यात पिंप भरलेलं होतं, वर ताट झाकलेलं. "दुष्काळ तुझ्या मागं मागं आला व्हय रं," म्हणाल्या, आणि तिथंच पिंपाशेजारी पाटावर बसल्या.

कमलनं शहाळं आणलं. सोलून ठेवलेलं, ताटलीत. अक्कांनी शहाळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे कुणी सांगितलं?"

अक्कांनी फिरवलेला नळ मी बंद केला.

"घरात पानी न्हाई का?"

"हाय," मी म्हणालो. "टँकरचं हाय, अक्का." वाट करून द्यायची म्हणून म्हणालो. टँकरचं म्हटल्यावर कुणीही नको म्हणेल, त्यात कुणाचा अपमान नाही.

"दुष्काळात लातूरला रेल्वेनं पानी आलं तवा काय गंगेचं आलं होतं?" अक्का म्हणाल्या. "कमल, दे बाई पानी."

कमलनं माझ्याकडं बघितलं. तिनं पिंपावरचं ताट सरकवलं, फळीवरचा एक पेला घेतला, बुडवून भरला, पदरानं बुड पुसलं आणि पुढं धरला. अक्कांनी दोन्ही हातांनी घेतला. क्षणभर डोळे मिटले, तोंडात काही पुटपुटल्या. मग प्यायल्या. वरून नाही. पेल्याला तोंड लावून, थांबत थांबत, सगळा. रिकामा पेला कमलकडं दिला. म्हणाल्या, "गोड हाय." टँकरचं पाणी गोड नसतं.

खाली बसचा हॉर्न वाजला. कमलनं तांब्या भरून देऊ का विचारलं. "नगं, पुन्हा तिथं ओतायला लावतील," म्हणाल्या. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात होता, भार चांगलाच होता. बसच्या पायरीवर म्हणाल्या, "कमल चांगली हाय. तिला बोलत जाऊ नको." मी तिला काही बोललो होतो असं नाही, पण हो म्हणालो. बस गेली. पिवळ्या टोप्या मागच्या काचेतून दिसत होत्या, त्यांतली अक्कांची कोणती ते कळलं नाही.

नंतर फोनवर कितीदा तरी बोललो. तब्येत, पाऊस, नातवाचं लग्न. त्या दुपारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. माती झाल्यानंतर शिवराजअण्णांचा पुन्हा फोन आला. ते म्हणाले, "बेंगळुरूला जाऊन आली, पर काय बघितलं ते काय सांगितलंच न्हाई बघ. नंदी मोठा हाय, एवढंच." मी म्हणालो, "हाव, मोठा हाय." हे सगळं लातूरच्या पेपरात लिहावं की नाही, याची मला बरीच धास्ती होती. घरी कुणाला बोलू नको म्हणाल्या होत्या. पण ते घर बघण्याबद्दल होतं, आणि ते बघून झालं. पाण्याबद्दल त्या काही म्हणाल्या नव्हत्या. शिवराजअण्णा वाचतील. रागावले तर रागावतील... पण त्यांच्या आईनं काय केलं ते त्यांना माहीत असावं, असं मला वाटतं.

त्या दिवशी मी बसपाशी होतो तेवढ्यात कमलनं घर आवरलं. पेला घासला आणि फळीवर ठेवून दिला. आमच्याकडं एकाच घडणीचे सहा पेले आहेत, लग्नातले, एकसारखे. वर येऊन मी विचारलं, "अक्का कोणत्यातून पेल्या?" ती म्हणाली, "ह्यातलाच एक. आता काय वळखू येणार?" तिनं मुद्दाम केलं नव्हतं. घरातला पेला घरात ठेवला, एवढंच. तेव्हा मला चुटपुट लागली होती, की खूण तरी करून ठेवायला हवी होती. आता नाही लागत. कामावरून आलो की मी फळीवरचा हाताला येईल तो पेला घेतो आणि पाणी पितो.