‘ये’ म्हणेपर्यंत

उन्हं डोक्यावर आली की आमच्या अंगणातून तापल्या लोखंडाचा वास येतो. कडुलिंबाखाली कुत्र्याचा रिकामा पिंजरा आहे. आता त्याच्यावर कारल्याचा वेल चढलाय. भंगारवाला ओरडत गेला की भाऊ म्हणतो, देऊन टाक एकदाचा. मला तो देववत नाही आणि बघवतही नाही.

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो स्वतः वेल्डिंग करून बनवला होता. सगळी नोकरी जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात काढलेला माणूस. त्यांना लोखंडाशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही. घरात एक तांबूस गावठी पिल्लू आलं, चपला कुरतडू लागलं, रस्त्यावर टेंपोच्या चाकाखाली पळू लागलं, तेव्हा त्यांनी हा घाट घातला. वर पत्रा, चहूबाजूंनी सळया. शेजारच्या मावशींनी कपाळाला हात लावला.

"मुक्या जिवाला कोंडून राह्यलात व्हय? पाप लागंल, भाऊजी!"

अप्पा हसले. "कोंडतो कुठं? दाराला कडीच न्हाई. पाप गजात नसतं बाई, कडीत असतं."

आणि खरंच, कडी त्यांनी कधी बसवलीच नाही. आत जुनं पोतं, भाकरीचा तुकडा आणि दोन शब्द. ‘घरी’ म्हटलं की आत जायचं, ‘ये’ म्हटलं की बाहेर यायचं. हात न उगारता, इतक्या मायेनं शिकवलं, की दिवाळीत फटाके वाजू लागले की गल्लीतली कुत्री सैरावैरा धावायची आणि आमचं आपणहून आत शिरून निवांत पडायचं. शेवटी मावशीही वरमल्या. मला मात्र कधीकधी ते बघून धस्स व्हायचं. एकदा ‘घरी’ म्हटलं की उघड्या दारासमोरून मांजर गेलं तरी ते हलत नसे. कान टवकारून अप्पांच्या तोंडाकडे बघत राहायचं. मग कडी नव्हती कशी म्हणायची?

अप्पा गेले ते ऐन मे महिन्यात. त्यांना दवाखान्यातून आणायच्या आधी, मंडपाला जागा हवी म्हणून कुणीतरी पिंजरा झाडाखालून उचलून भिंतीशी, उन्हात नेऊन ठेवला. "घरी आणलं, घरी आणलं," असा गलका झाला आणि कुत्रं मुकाट त्यात जाऊन बसलं. बायका आत रडत होत्या, मी कोरडीच बसले होते. अंत्यविधी उरकून माणसं परतली, मग एकेक निघू लागली. दुःखाच्या दारातून निघताना आपल्याकडे ‘येतो’ म्हणत नाहीत. एरवी कुणी ‘जातो’ म्हटलं की त्याला दटावणारी माणसं त्या दिवशी जीभ सांभाळून बोलत होती. अंबडचे पाहुणे आईला म्हणाले, "घरी जातो, वहिनी." कारखान्यातली माणसं म्हणाली, "चला, घरी जातो." दुपारभर तेच चाललं. तापल्या पत्र्याखाली धापा टाकत त्या जिवानं प्रत्येक ‘घरी’ ऐकलं असणार. आणि ‘ये’ म्हणणारं एकही तोंड त्या अंगणात नव्हतं.

दिवेलागणीला मावशी त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, हे गेलं गं! दार तर उघडंच हाय. बाहेर का न्हाई आलं येडं?"

मला मात्र लख्ख कळलं, आणि बापासाठी अडकून बसलेलं रडू त्या कुत्र्यासाठी फुटलं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.

अप्पांचा राग येतो का? येतो, बिलकुल येतो. इतका जीव लावला, इतकं शिकवलं, तर आपल्यामागे कुणाचं ऐकून बाहेर यायचं तेही शिकवायचं होतं ना! पण जीव लावणाऱ्याला आपण नसू हे सुचतच नसावं. पिंजरा चांगला की वाईट, असं मला कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. फटाक्यांतली त्याची शांत झोप मी पाहिली आहे, आणि ती संध्याकाळही.

परवा मावशी बसायला आल्या होत्या. उठताना सवयीनं म्हणाल्या, "येते गं." मी "या" म्हटलं आणि नकळत पिंजऱ्याकडे पाहिलं. दार अजून उघडंच आहे.