बोलायचं खातं

कौसल्या गेल्याचं मला महाल बाजारातल्या भाजीवालीकडून कळलं. कोथिंबीर पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "तुमच्या दवाखान्यातली ती बोलकी आया... गेली न जी मागच्या सोमवारी." मी पिशवी उचलली आणि भलत्याच गल्लीत शिरले. किती वेळ चालत होते, कोण जाणे.

आमची ओळख झाली तेव्हा एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मेंदूच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर, ती आया. आमचे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. हात धुता धुता सांगायचे, "तिकडे मणक्याचा सर्जन वेगळा, लहान मुलांच्या डोक्याचा वेगळा, रक्तवाहिन्यांचा वेगळा, हाताच्या थरथरीचा तर आणखीनच वेगळा. इथे मी एकटाच सगळी दुकानं मांडून बसलोय." फरशी पुसणारी कौसल्या एकदा म्हणाली, "मंग एखांदं खातं मले द्या न जी. बोलायचं द्या. त्यात माहा हात कोणी धरत नाही." डॉक्टर हसले. पण महिन्याभरात त्यांनी खरंच ते खातं तिला दिलं.

कारण थरथरीच्या ऑपरेशनात पेशंटला झोपवत नसत. डोक्याला लोखंडी चौकट बसवून बारीक भोकातून सुई आत जायची आणि तेवढा वेळ त्यानं बोलत राहायचं. बोलणं अडखळलं, की सुई भलतीकडे गेली समजायचं. आता डॉक्टर पुण्याचे, बाकीच्या सिस्टर केरळच्या, आणि मी शहरातल्या धरमपेठेतली, शाळेतलं मराठी बोलणारी. खेड्यातला माणूस आमच्यापुढे "हो जी"च्या पुढे सरकतच नसे. म्हणून कौसल्येला गाऊन-मास्क चढवून त्याच्या कानाशी बसवलं.

उमरेडचे एक विणकर होते, लक्ष्मणराव. उजव्या हातात धोटा ठरेना, म्हणून वर्षभर माग बंद. डोळ्यांवर हिरवं कापड, आणि कानाशी कौसल्येचा आवाज... सून, शेजारीण, पाणी, लग्नं. ऐकता ऐकता मीच कुठल्या कुठे वाहत जायची.

मध्येच लक्ष्मणराव गप्प झाले. डॉक्टरांचा हात थांबला. "बोलतं करा त्यांना. नाहीतर मला सुई काढावी लागेल." काढली तर हात तसाच राहणार, पुढे रेटली तर वाचाच जायची. कौसल्या मात्र शांतपणे म्हणाली, "काहून गा, ताण्याच्या सुताले खळ नाही लावली तरी चालते म्हणे?"

कापडाखालून आवाज आला, "कोण म्हणते वं? सूत तुटून जाईन न. तुले काय समजते त्यातलं?" आणि ते चांगली दहा मिनिटं तिला झापत राहिले. तिच्या आवाजानं चक्क डोळा लागला होता त्यांचा. सुई पुढे गेली, आणि हलता हलता तो हात निवांत झाला.

घरी जायच्या दिवशी त्यांनी सदऱ्याची बटणं स्वतः लावली, एक चुकीच्या काजात. मला म्हणाले, "ते बाई कुठं हाये जी? हात दाखवाचा हाये तिले." कौसल्या दोन पावलांवर बादली घेऊन उभी. मी तिला कोपरानं ढोसलं.

"दाखव न गा," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले, उजवा हात पुढे धरला आणि म्हणाले, "आता बोल वं, माय."

कौसल्येला एक शब्द फुटेना. ते तसेच थांबून राहिले, डोळे मिटून, हात पुढे धरून... आणि हात जराही हलत नव्हता.