सगळ्यात अवघड खेळ, बाईंच्या मते

वाद घालायची वेळ आली की बाई आधी पायातल्या चपला काढत. खुर्चीत बसल्या बसल्याच, एक इकडे, एक तिकडे. मग दोन्ही तळवे गार फरशीवर नीट टेकवून समोरच्याला विचारत, "खेळून पाह्यलं का तुमी?"

या प्रश्नापुढे आमच्यातल्या कुणाचंच काही चालत नसे. कारण कुणीच काही खेळून पाहिलेलं नव्हतं.

पाथरीतल्या आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. मी तिथे मराठी शिकवतो. पोरं त्यांना 'खेळाच्या बाई' म्हणत, पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. पन्नाशी उलटलेली, काटक शरीर, उन्हाने रापलेला चेहरा. तरुणपणी त्या खो-खोत राज्य पातळीपर्यंत खेळून आल्या होत्या. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचे मालक एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, ते सांगत.

मधल्या सुट्टीत चहा आला की आमच्या खोलीत एक ठरलेला वाद निघायचा. सगळ्यात अवघड खेळ कोणता? विज्ञानाचे सर क्रिकेटवाले. पापणी लवायच्या आत चेंडू अंगावर येतो, तो खेळणं म्हणजे चेष्टा नाही, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तरांचे वडील पैलवान होते, त्यामुळे त्यांना कुस्तीपुढे दुसरं काही दिसत नसे. माझं म्हणाल, तर जो शेवटी बोलेल त्याचं मला पटायचं. तुम्हीही अशा बैठकीत बसला असाल; तिथे माझ्यासारखा एक असतोच.

बाईंचं मत मात्र रोज नवं असे.

सोमवारी म्हणत, "कुस्ती. हारलेलं लपवता येत न्हाई. पाठीची माती सगळ्या गावाला दिसती." हेडमास्तर खूश. मंगळवारी म्हणत, "पोहणं. दुसऱ्या खेळात वराडता तरी येतं, पाण्यात तेबी न्हाई." एकदा तर बुद्धिबळ म्हणाल्या. "हारल्यावर दमलो होतो असं सांगायची सोय न्हाई त्यात."

विज्ञानाचे सर वैतागायचे. "बाई, काल तुम्ही कुस्ती म्हणाला होता."

"काल म्हणले का मी? मग काल ते खरं आसंल."

आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. खो-खोचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते मला येतं की. येतं ते अवघड कसं?"

'खेळून पाह्यलं का' हा प्रश्न नुसता विचारून त्या थांबत नसत. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की त्या आम्हाला मैदानावर ओढून नेत. कबड्डीत हेडमास्तर चढाईला गेले. 'कबड्डी, कबड्डी' म्हणत चांगले रेषेच्या आत शिरले आणि तेवढ्यात त्यांना व्हरांड्यात रेंगाळणारी पोरं दिसली. "कबड्डी, कबड्डी, ए, कोण रे ते तिथं?" दम तुटला, साहेब बाद. विज्ञानाच्या सरांना खो-खोत बसवलं होतं. मागून खो मिळाल्यावर ते उठले खरे, पण पळायचं कुणीकडे हे त्यांना आठवेना. ते स्वतःभोवतीच फिरले आणि पुन्हा जागेवर बसले. बाई मैदानात मांडी घालून बसल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"आता सांगा सर, क्रिकेट अवघड का हे?"

"क्रिकेटच," सर धापा टाकत म्हणाले. बाईंना हे फार आवडलं. हरून मत न बदलणारा माणूस त्यांना आवडायचा. स्वतःचं मत त्या न हरताच बदलत, ते वेगळं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात परभणीला जिल्ह्यातल्या शिक्षकांचे सामने होते. बायकांच्या खो-खोत आमच्या तालुक्याचा संघ अंतिम फेरीला पोचला तो बाईंच्या जिवावर. समोर जिंतूर तालुका. आम्ही जीप करून बघायला गेलो होतो.

शेवटच्या डावात पळायला आमच्याकडून एकट्या बाई उरल्या. वेळ संपेपर्यंत त्या टिकल्या की सामना आमचा. मागे लागलेली शिक्षिका त्यांच्या निम्म्या वयाची होती, पण बाईंचा पदरसुद्धा तिच्या हाती लागत नव्हता. साडीचा काष्टा मारलेल्या बाई बसलेल्या बायकांमधून कधी अलीकडे, कधी पलीकडे अशा निघत होत्या की बघणाऱ्यालाच चक्कर यावी. विज्ञानाचे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्रिकेट त्या वेळी त्यांच्या ध्यानात नसावं.

आणि मधेच बाई थांबल्या.

अडखळल्या नाहीत, पडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मागच्या मुलीने हे धरलंच नव्हतं. ती त्यांना न शिवताच पुढे निघून गेली. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, त्यामुळे ती तशीच खांबापर्यंत धावली. आमच्या बाजूने सगळे ओरडत होते, "बाई, पळा." बाईंनी आमच्याकडे पाहिलं. आपल्यालाच हाक मारतायत की दुसऱ्या कुणाला, अशी ती नजर होती. मग बसलेल्या एकीला खो मिळाला. ती उठली आणि तिने बाईंच्या दंडाला हात लावला, अगदी हलका, झोपलेल्या थोरल्या माणसाला उठवावं तसा.

सामना गेला.

परतताना जीपमध्ये, पोखर्णीचा फाटा मागे पडल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, काय झालं हो?"

"दम लागला, सर."

पण मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांचा श्वास एकसारखा चालला होता. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या शिक्षिकेला त्या म्हणाल्या, शिट्टी झाल्यासारखं वाटलं. शाळेच्या शिपाईमामांना म्हणाल्या, डोळ्यावर ऊन आलं. मामा मला विचारत होते, "संध्याकाळच्या सामन्यात कुठलं ऊन हो, सर?" मला तर तिन्ही कारणं ऐकताना पटली होती आणि नंतर एकही पटत नव्हतं.

बाईंचं सासर चारठाण्याचं, म्हणजे जिंतूर तालुक्यातलं. कुणीतरी ते उकरून काढलं. शिक्षकांच्या व्हॉट्सॲपवर खोचक मजकूर फिरला. आणि एके दिवशी चहाच्या वेळी विज्ञानाचे सर सगळ्यांदेखत बोलून गेले, "बाई, सासरच्या तालुक्याला सामना सोडला म्हणा ना सरळ. आमी काय परके हाव का?"

त्या दिवशी बाईंनी चपला काढल्या नाहीत. कप खाली ठेवला आणि मैदानावर निघून गेल्या. त्यानंतर मधल्या सुट्टीत त्या खोलीत येईनाशा झाल्या.

मला कुणाचं खरं धरावं ते कळत नव्हतं. सर रागाच्या भरात बोलले होते, पण मैदानात जे दिसलं ते मीही पाहिलं होतं. बाई सामना सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग त्या थांबल्या का?

पुढे एकदा वर्गाच्या खिडकीतून मी मुलींचा खो-खो बघत होतो. पंच बाईच होत्या. त्यांनी शिट्टी वाजवून एका मुलीला बाद दिलं. ती म्हणाली, "बाई, मला कुणी शिवलं न्हाई." बाई म्हणाल्या, "दुसरा पाय टेकलास तू." दुसरा पाय टेकू नये हा नियम लंगडीचा. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मग ती मुलगी बाहेर जाऊन बसली. बाईंना आपलं काही चुकलं असं वाटलेलं दिसलं नाही.

मी हे हेडमास्तरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आपणच बोलवू त्यांच्या मालकांना." पण मालक स्वतःच आले. विज्ञानाचे सरही तेव्हा खोलीत होते. मालकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"संभाजीनगरला दाखवून आणलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनले, इसरायचा आजार हाय. वाढत जाईल. आता नोकरी पुरे करावी म्हनतो."

मग ते पुढे म्हणाले, "त्या सामन्याचं तिनं घरी आल्या आल्या सांगितलं होतं मला. म्हनली, मैदानात मला कळंना, मी पळायलेय का धरायलेय. सगळे वराडायलेत, आन मी कुनाकडची तेच ठाऊक न्हाई. मी म्हनलो, मग सांगून टाक की सरांना. तर म्हनली, न्हाई. सामना सोडला म्हनले तरी चालंल."

विज्ञानाचे सर उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मला मात्र एक विचारायचंच होतं. "म्हणजे ते रोज नवा खेळ अवघड म्हणायच्या, तेही याच्यामुळेच का हो?"

मालक पहिल्यांदा हसले. "न्हाई न्हाई. ते लग्नापासून हाय. मला बी एक दिवस लय शाना म्हनती, दुसऱ्या दिवशी येडा."

तरी बाईंच्या वागण्यातला आजार कुठला आणि स्वभाव कुठला, हे मला आजही सांगता येणार नाही. मालकांनाही येत नसावं.

बाईंनी नोकरी सोडली आणि दोघं चारठाण्याला राहायला गेले. या उन्हाळ्यात विज्ञानाचे सर आपणहून म्हणाले, "चला, भेटून येऊ." दोन गाड्या बदलून आम्ही पोचलो. बाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. तब्येत उत्तम, पदर नीट. आम्हाला पाहून पाहुणे आले म्हणून उठल्या, पण आम्ही कोण हे त्यांना कळलं नव्हतं.

येताना बसमध्ये सरांनी माफी कशी मागायची याची तयारी केली होती. ती सगळी राहिली बाजूला. समोर बसल्यावर ते म्हणाले, "बाई, मी अजूनबी म्हणतो, क्रिकेटच सगळ्यात अवघड."

बाईंनी त्यांचं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "आसंल की. तुमचं खरं आसंल."

सर एवढी वर्षं या वाक्यासाठी भांडले होते. ते मिळालं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि सुपातल्या शेंगा फोडायला घेतल्या. बाईंनी सूप त्यांच्याकडे जरा सरकवलं.

ऊन उतरल्यावर मालक म्हणाले, "रोज देवळापर्यंत चालवून आनतो तिला. चला तुमी बी." सरांना शेंगांपाशीच बसून राहायचं होतं, म्हणून आम्ही तिघं निघालो. बाईंची चाल अजून तशीच होती, सरळ आणि झपाट्याची. मी कसाबसा त्यांच्या बरोबरीने राहिलो. मालकांचे गुडघे गेलेले, ते मागे पडत गेले. जुन्या देवळाच्या दगडी खांबांजवळ पोचल्यावर बाईंनी वळून पाहिलं. लांबून एक म्हातारा माणूस एका गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत येत होता.

"आपल्या मागं कोन यायलंय हो ते?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"तुमचे मालक आहेत, बाई."

बाईंनी पुन्हा तिकडे पाहिलं. ओळख पटली की नाही, मला सांगता येत नाही.

"मग जरा हळू चालू," त्या म्हणाल्या, आणि मालक येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.