निंबाअप्पांचे वायपर

गल्लीत कुणाचीही गाडी येऊन उभी राहिली, की निंबाअप्पा आधी तिच्या वायपरकडे बघायचे आणि मग उतरणाऱ्या माणसाकडे. "हाई रबर गयं. नवं टाक, जुनं माले दे," हे त्यांचं स्वागत. पाहुणा जावई असो की खताचा एजंट, अप्पांना फरक नव्हता. आमच्या ह्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकता टाकता अप्पांनी विचारलं, वायपर कधी बदलणार? मी फणकाऱ्यानं म्हटलं, "अप्पा, तिनं अजून एक पावसाळा नाही पाहिला." "मी थांबसू ना," ते म्हणाले.

ब्राह्मणपुरीत आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. अप्पांचा जन्म गेला शहाद्याच्या गॅरेजात, त्यामुळे म्हातारपणी भंगाराचा नाद असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. वायपरच्या रबरात पोलादाची पातळ पट्टी असते. ती काढून ते ओट्यावर कानशीनं घासत बसायचे. घासून घासून त्यांनी काड्या केल्या होत्या, किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या. सुपारीच्या डब्यात त्या ठेवलेल्या असत, आणि प्रत्येकीला नाव गाडीचं. ही ट्रकवाली, ही टेम्पोवाली, ही तोरणमाळवाली. तोरणमाळची जीप माणसं कोंबून वर जायची, शेवटी भंगारात निघाली, तिची ही पट्टी. कुलूप हट्टाला पेटलं की तिची पाळी. "घाट चढेल शे ती," अप्पा कौतुकानं सांगायचे.

हा उद्योग चोराचा वाटेल, पण होता बायकोसाठी. वच्छलाकाकूंच्या कमरेला आयुष्यभर किल्ल्यांचा जुडगा. अलीकडे त्यांचं ध्यान सुटायला लागलं होतं, कुलपं लावायची सवय मात्र सुटली नव्हती. धान्याची खोली, कपाट, एकदा तर पिठाचा डबासुद्धा. कुलूप लावायचं, किल्ली कुठंतरी जपून ठेवायची आणि ती जागा विसरायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सुरतेहून आलेल्या गणेशनं, त्यांच्या मुलानं, सरळ हातोडी घेऊन कुलूप तोडलं. काकू ते मोडकं कुलूप मांडीवर घेऊन दिवसभर दारात बसल्या. "मन्हं घर कोनी फोडं?" एवढंच विचारत होत्या. जेवल्या नाहीत. अप्पा त्यांच्या शेजारी बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून वायपर गोळा करायला लागले.

त्यांची रीत ठरलेली. काकू मागच्या अंगणात असल्या की अप्पा दाराशी जायचे, काडी सरकवायचे, कुलूप उघडून तसंच कडीला अडकवून ठेवायचे. मग हाक मारायची: "ओ गनेशनी माय, हाई ते उघडंच शे. मीच लावाले इसरी गऊ." काकू यायच्या, बघायच्या, सुस्कारा टाकायच्या, आणि माझ्याकडे येऊन सांगायच्या, "यासनं डोकं आते काही चालत नही." हे सगळ्या गावात पसरलं. पारावरची टोळकी अप्पांना विचारायची, "अप्पा, घर कोनतं ते तरी ध्यानमा शे ना?" अप्पा हसायचे. "गनेशनी माय शे ना सांगाले."

मला हे सगळं माहीत होतं आणि माझा संताप व्हायचा. शेवटी एकदा बोललेच, "अप्पा, सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या करून घ्या ना. मिटली कटकट." त्यांनी कानस थांबवली. "घर तिन्हं शे, माय. दुसरी किल्ली मन्हा हातमा दिसनी म्हनजे तिन्हं काय ऱ्हायनं?" मी उठून चहा टाकला.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. काडी आत सरकायची, पण टिकायची नाही. एका दुपारी काकू झोपलेल्या असताना त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला. "मी गऊ का मंग हातोडी येई घरमा," म्हणाले. रोज दुपारी ओट्यावर मला शिकवू लागले. मी जोर लावला की मनगटावर टिचकी बसायची. "जोर नको. कुलूपनं आयकनं पडस." मला काहीच ऐकू यायचं नाही, उलट मीच वैतागून बोलायची. त्यांना त्याची गंमत वाटायची. "तुले राग लवकर येस. कुलूपले येत नही."

अप्पा गेले ते झोपेत. काकू रडल्या नाहीत. दारावर बसायला येणाऱ्या बायकांना त्या सांगायच्या, मळ्यात गेलेत, येतीलच. बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि काकू त्यांनाच पाणी द्यायच्या.

सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी पाहुणे जमले आणि धान्याच्या खोलीला कुलूप. डाळ, तांदूळ, मोठी पातेली, सगळं आत. काकू किल्लीसाठी उशा उपसत होत्या, त्यांचा जीव कासावीस झाला होता. गणेशनं कुणाला तरी हातोडी आणायला पिटाळलं. मी त्याला म्हटलं, "गणेशभाऊ, मांडवात जा. लोक खोळंबलेत." माझा आवाज ऐकून तो गेला. मी डब्यातून तोरणमाळवाली काढली. कुलपात सरकवली. दोनदा सुटली. मग जोर सोडला, आणि कुलूप सुटलं.

मी ते कडीला तसंच अडकवलं, काडी पदराखाली धरली आणि हाक मारली, "काकू, अहो हे उघडंच आहे. मघाशी मीच लावायला विसरले."

काकू आल्या. कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू बी आते त्यासनासारखी इसराले लागनी का वं माय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अप्पांसाठी पहिल्यांदा रडल्या.