पुढच्या खोलीचा व्हॉल्व्ह

नवऱ्याचं तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही. डोक्यावर चढून बसतो. पण परदेशात, लिक्सलिपच्या घरात त्याने बसवलेल्या व्हॉल्व्हचं कौतुक मी अजून करते, आणि त्यातलं थोडं नाइलाजाने त्याच्याही वाट्याला जातं.

आधी अख्ख्या घराला एकच थर्मोस्टॅट होता, जिन्यापाशी. तापलं तर सगळं घर तापायचं, नाहीतर सगळं गारठायचं. रिकाम्या खोल्या भाजून निघायच्या आणि मी स्वयंपाकघरात शाल गुंडाळून पोळ्या लाटायचे. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात दिवसभर डोकं चालवून याची हौस भागत नसावी. एका शनिवारी त्याने खोल्या तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरची जुनी चावी काढून तिथे बॅटरीवर चालणारा, इवलासा पडदा असलेला व्हॉल्व्ह बसवला. आता प्रत्येक खोलीला आपापलं वेळापत्रक. मी यथेच्छ टिंगल केली. मग सोमवारी शालीशिवाय पोळ्या लाटल्या आणि गप्प बसले.

त्या वर्षी मला दिवस गेले होते. बाळ जानेवारीत यायचं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून कराडजवळच्या गावाहून सासूबाई आल्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. गुडघ्यांमुळे त्यांना जिना नको, म्हणून रस्त्याकडची खालची खोली दिली. देवही त्यांनी तिथेच मांडले. त्या खोलीत दिवसभर ऊब राहील असं नवऱ्याने व्हॉल्व्हला सांगून ठेवलं.

तरी संध्याकाळ झाली की तीच खोली नेमकी गार पडायची. डिसेंबर लागला तशा सासूबाई कंटाळल्या.

"गुडघं पार कामातनं गेलं बघ. मला आपलं माघारी धाडा. बाळाला बघाया उन्हाळ्यात येते की."

मी हसून "बरं" म्हटलं आणि वर जाऊन रडले. मला भीती वाटत होती. तान्ह्या बाळाला न्हाऊ कसं घालतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि त्या परक्या गावात विचारावं असं आपलं दुसरं कोणी नव्हतं.

नवऱ्याने बॅटऱ्या बदलल्या, रेडिएटरमधली हवा काढली, आकडा वाढवला. काही फरक नाही. तो कामावरून येईपर्यंत खोली पुन्हा ऊबदार झालेली असायची, त्यामुळे त्याला काही सापडतच नव्हतं. शेवटी त्याने रजा काढली आणि चहाचा मग घेऊन, क्रिकेटची मॅच बघावी तसा रेडिएटरसमोर जमिनीवर बसून राहिला.

चार वाजून गेले, तिथल्या हिवाळ्यात होतं तसं लवकरच बाहेर अंधारून आलं. सासूबाई उठल्या. मागचं दार लावलेलं आहे ना, ते बघून आल्या. देवापाशी दिवा लावला, खोलीचं दार उघडलं, मग घराचं पुढचं दार सताड उघडून हात जोडून उभ्या राहिल्या. तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, तेव्हा दार बंद ठेवायचं नाही. हे रोजचंच, म्हणून मला त्यात कधी काही वेगळं वाटलंच नव्हतं. गार वाऱ्याचा झोत थेट देवांपर्यंत आला आणि व्हॉल्व्ह घर्र करून बंद झाला.

"याला वाटतंय खिडकी उघडी राहिली," नवरा ओरडलाच. "घर तापवायचा गॅस वाया जाऊ नये म्हणून बंद होतो. काय हुशार आहे!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्यामुळंच व्हय? मग नगं उघडाया?"

मला वाटलं, आता हा भाषण देणार.

"उघड की," तो म्हणाला. "दार तुझं, लक्ष्मी तुझी. याला काय, मी समजावतो."

आणि समजावलंही. त्या एका व्हॉल्व्हचं खिडकी ओळखणं त्याने बंद केलं, दिवेलागणीच्या आधीच खोली चांगली तापेल असं केलं, आणि रस्ता तापवायला नको म्हणून तेवढा वेळ दाराजवळचा रेडिएटर झोपवला. पुढे दिवस मोठा व्हायला लागला तसा तो दर रविवारी गुडघ्यांवर बसून त्या वेळा पुढे सरकवायचा. आईला यंत्राप्रमाणे वागायला सांगावं, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी तो मला फार आवडला. बोलले नाही, अर्थात.

थोड्या दिवसांनी सासूबाईंनी बॅगेतून जुनी सुती लुगडी काढली आणि दुपटी शिवायला बसल्या. परत जायचं नाव पुन्हा निघालं नाही.

मुलीला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हाही दिवेलागणच होती. दार उघडंच होतं. उंबऱ्यात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. त्यांनी तो आम्हा दोघींवरून ओवाळून बाहेर टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि मुलीला माझ्या हातातून घेतलं. वारा बोचरा होता, पण नवरा शहाण्यासारखा दाराला हात न लावता उभा राहिला.

"आई, अजून थोडा वेळ उघडं ठेवू ना?" त्याने विचारलं.

त्यांनी दुपट्याचं टोक मुलीच्या कानावर ओढून घेतलं.

"लाव आता," त्या म्हणाल्या. "यायची ती आली."