रिकामी घरं

शुभ्रादी खेळाच्या पटावरच्या घरावर बोट ठेवायच्या आणि एकच शब्द विचारायच्या, "पुरावा?" त्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, रोज सियालदहपर्यंत लोकलने यायच्या. मी नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून कोलकात्यात आलेली, हंगामी शिक्षिका.

मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींना सहावीसाठी एक खेळ करायला सांगितला, सिंधू संस्कृतीतल्या बालपणावर. शुक्रवारी तो वर्गात चालला तर मला कायम करणार होते. मी उत्साहाने सापशिडीसारखा पट आखला. आई हाक मारते, दोन घरं पुढे. गुरुजी रागावतात, तीन घरं मागे.

"गुरुजी कुठून आले? शाळा सापडलीय?" शुभ्रादींनी खोडरबर चालवला.

"अहो, आई तरी हाक मारत असेल ना!"

"काय म्हणून हाक मारत असेल? त्यांची लिपी वाचता येते तुला?" तेही घर पुसलं गेलं.

गुरुवारपर्यंत पटावर मातीची गाडी, शिट्टी, गोट्या आणि फासे एवढंच उरलं. बाकीच्या घरांत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ठाऊक नाही."

"दीदी, यात जिंकायचं कसं?" मी रडकुंडीला आले होते.

"मला काय ठाऊक!" म्हणत त्यांनी झालमुडीचा, तिथल्या तिखट भेळेचा, कागदी ठोंगा माझ्यापुढे धरला. ही बाई मला मदत करतेय की माझी नोकरी घालवतेय, मला काही कळेना. झालमुडी मात्र मी खाल्ली.

शुक्रवारी मुलं रिकाम्या घरावर आली की अडायची आणि मग विचारत सुटायची. त्या काळच्या मुलांना अंधाराची भीती वाटायची का? धाकटी बहीण गाडी मोडायची का? तास संपला, कुणीच जिंकलं नाही आणि कुणी जागचं उठेना. मला कायम केलं. का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शुभ्रादी या वर्षी अचानक गेल्या. शाळेतल्या स्मरणसभेत मी त्यांच्याबद्दल बोलले. चार वर्षं एका टेबलाशी बसलो होतो, त्यामुळे भडाभडा बोलले. मी थांबल्यावर सहावीतल्या एका मुलीने हात वर केला.

"मिस, शुभ्रादी लहानपणी काय खेळायच्या?"

मी तोंड उघडलं. त्यांचं गाव, भावंडं, आई त्यांना काय म्हणून हाक मारायची, काहीच आठवेना. आठवणार कसं? मी कधी विचारलंच नव्हतं.

"ठाऊक नाही," मी म्हणाले, आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.